सायकल

चार हजार ठिपके सोडते मी पडद्यावर.
प्रत्येकाला एक त्रिज्या, एक वेग,
जिथं पोचायचं ती जागा,
आणि शेजाऱ्याचा थोडा धाक.

रांगा धरा असं त्यांना कुणी सांगत नाही.
तरी विसाव्या सेकंदाला पट्टे पडतात,
जाणारे निळे, येणारे पिवळे,
तिफणीनं काकऱ्या पाडाव्यात तसे.

मग मी दार अरुंद करते. दीड मीटर.
घाई वाढवते.
दारापाशी कमान धरते, खांद्यात खांदा अडकून,
जितकी घाई तितका उशीर.
ठिपके लाल होतात.
ठिपक्यांना बरगड्या नसतात,
म्हणून मी चहा घेऊ शकते.

दारासमोर एक खांब रोवला,
मधोमध नाही, जरा डावीकडे,
तर कमान मोडते कधी कधी.
शोध दुसऱ्या कुणाचा. पडताळा माझा, दोन वर्षांचा.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला गेले, वही घेऊन.
तापीवरून वारा, घोड्यांच्या लिदीचा वास,
आणि घोडेबाजारातून देवळाकडं निघणारी ती बोळ.
एक माणूस डोक्यावर खाट घेऊन आला.
त्याची त्रिज्या किती धरू?
दोघी बहिणी हात सोडायला तयार नाहीत,
एक मोजू की दोन?
एक जण उलटा चालत होता, बायकोला हाका मारत.
माझ्याकडं उलटं कुणीच चालत नाही.

बोळीच्या तोंडाशी होमगार्ड सुपडू कोळी.
त्याची सायकल स्टँडवर,
मधोमध नाही, जरा डावीकडे.
मी विचारलं, इथंच का?
"आठे लाई का लोके फुटतस,
मंग निंघतस."
आणि हे कळलं कसं?
एका वर्षी पहाटे त्यानं चपला वेचल्या होत्या,
पोतं भरून.
जोड्या लागत नव्हत्या, म्हणाला,
आणि शिट्टी पुसत बसला.

अंतर मी पावलांनी मोजलं.
दोन, आणि वर थोडं.
पडद्यावरचा आकडा त्याला सांगितला नाही.

"धर जरा, च्या पी येस," म्हणून तो गेला.
मी हँडल धरून उभी.
माणसं अंगावर आली आणि फुटली,
डावीकडून घोंगड्या, उजवीकडून जिलबीचे पुडे,
कुणाचा कोपर, कुणाचं तान्हं, कुणाचा घाम थंडीतला.
मग परतीला तीच खाट.
तिचा एक पाय माझ्या वेणीत अडकला.
"सरक ना व माय," खालून आवाज आला.

मी सरकले नाही.