अकरा महिने

दर जूनला मीच टाइप करायचो त्याचं पत्र.
"श्री. इनास कुलासो यांची
सहायक फुटबॉल प्रशिक्षक म्हणून
अकरा महिन्यांकरिता, निव्वळ हंगामी तत्त्वावर..."
आधी खडखडत्या टाइपरायटरवर,
पुढे कॉम्प्युटरवर, नुसतं साल बदलून.
एकदा तर सालही बदलायचं राहिलं.
त्याने तरी सही केली.

मे महिन्यात कागदोपत्री तो नसायचा.
नियमच तसा. खंड पडला नाही तर माणूस कायम होतो.
पण मे महिन्यातच मैदानावर पाण्याचा पाइप सरपटायचा
आणि ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात
गोलाचं जाळं मांडीवर घेऊन तो बसलेला असायचा.
बाप आसोळण्याचा, साळ नदीत मासे धरणारा.
तीच लाकडी सुई, तीच गाठ.
"बॉल नुस्त्यापरस बरो, बाब," म्हणायचा.
"परतून येता."

बावीस वर्षांत सात मुख्य प्रशिक्षक आले.
एक कोलकात्याचा, पानाचा डबा घेऊन.
एक लिस्बनला जाऊन आलेला,
त्याला आमचं कुडचड्याचं मैदान खडबडीत वाटलं.
होतंच खडबडीत. शेजारून खनिजाचे ट्रक जात,
दव पडलं की पेनल्टीची जागा लाल व्हायची.
एकाला पोरांची नावं शेवटपर्यंत आली नाहीत,
तो पाठीवरचे आकडे पुकारायचा.
इनासला आकडे लागत नसत.
कुणाची आई कुवेतला, कोण उपाशी आलाय,
कुणाच्या बुटात पुठ्ठा आहे,
हे त्याला धावण्यावरून कळायचं.

फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराला,
साहेब पंचांशी भांडले आणि बाहेर काढले गेले.
दुसरा अर्ध इनासचा.
उभ्या आयुष्यात पंचेचाळीस मिनिटं.
त्याने एकही डावपेच बदलला नाही.
डाव्या बगलेच्या पोराला पाणी देता देता
कानात काहीतरी सांगितलं, एवढंच.
आम्ही जिंकलो.
पेपरातल्या फोटोत त्याचं कोपर आलंय.
मी त्या पोराला पुढे विचारलं, काय रे म्हणाला?
"लघवी करून ये म्हणाला.
भ्यालायस, म्हणून पाय जड झालेत."

मुख्य पदाची जाहिरात निघाली
तेव्हा तो अर्ज मागायला आला.
अनुभवाच्या रकान्यात दोन ओळींची जागा.
बराच वेळ पेन धरून बसला.
मग खालचा रकाना वाचला, पदवी आणि लायसन्स.
कागदाची चार घडी करून खिशात टाकली.
"आनीक एक दी," म्हणाला, "सोयरूक."

सोयरू वेळीप. तोच, डाव्या बगलेचा.
रुजू झाला त्या दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसेना,
इनास उभा होता म्हणून.
इनासनेच खांदा दाबून बसवला
आणि पोरांसमोर पहिल्या दिवसापासून त्याला सर म्हणाला.
मला नसतं जमलं.
माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी आज माझी साहेब आहे,
तिला मी अजून फाईल पुढे करतो ती न बघता.

माझ्याही पदाचं नाव सहायकच.
पण मी कायम. मला मे महिन्याचा पगार मिळायचा.

यंदा त्याची साठी झाली. जूनचं पत्र टाइप करायचं नव्हतं.
फाईल बंद करताना सगळे मे मोजले,
आणि ग्रॅच्युइटीच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
पट्टी धरूनही वाकडी आली.
त्याला विचारलं, आता रे काय?
"कितें ना," म्हणाला. "आतां म्हजो मे लांबलो."

काल ग्रंथालयामागून जाताना पाहिलं,
सोयरू सर बसलेत,
जाळं मांडीवर, सुई उलटी धरलेली.
वरच्या पायरीवर इनास,
दोन्ही हात खिशात,
मदत न करता.