आठ वेळा, हळूच

कॉलेज म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम.
स्पिरिटची बाटली उघडली की भिंतीतला जुना कोंडा जागा होतो
आणि दोन्ही वास मिळून आमच्या ओढणीतून घरी येतात.
माय म्हणते, दवाखाना आला.
बाप हुंगतो, म्हणतो, धान आलं.
पाटीवर कम्युनिटी कॉलेज लिहिलंय,
कंडक्टरला अजून 'मिल'च सांगावं लागतं.

आम्ही अकरा जणी, आणि तिरुपती मोहुर्ले,
ज्याला रक्त बघून पहिल्या आठवड्यात दोनदा भोवळ आली
आणि जो आता मशीन सगळ्यांत नीट पुसतो.

सगळ्यांत मिळून रबराचा एक हात.
त्याची शीर कधी सरकत नाही,
त्याला ताप नाही, उपास नाही,
तो कुणाचाच कुणी नाही.
टोचून टोचून कोपराच्या खळीत चाळणी झाली त्याची,
लाल शाईचं पाणी आता आपोआप गळतं.
चहांदे मॅडम म्हणतात, या हातावर पास होणं म्हणजे
विहिरीच्या चित्रातून पाणी काढणं.

टोप्यांचे रंग पाठ: निळी, लाल, जांभळी, करडी.
जांभळी नळी खडखडवायची नाही,
उलटी-सुलटी करायची, आठ वेळा, हळूच,
झोपल्या लेकराची कूस बदलावी तशी.
पट्टा एका मिनिटाच्या वर नाही.
टोचायचं दोनदाच, मग मॅडमना हाक.
आणि सुईच्या आधी नाव.
'तुमचं नाव अमुक ना?' असं नाही.
'तुमचं नाव काय?'
एवढ्या एका वाक्यावर मॅडमनी अख्खा सोमवार घालवला.

मग नागभीडचं ग्रामीण रुग्णालय, पहिला खरा हात:
मनगटापासून वर गोंदलेला,
विंचू, ठिपक्यांच्या रांगा, एक पाळणा,
साठ वर्षांत पसरून एकमेकांत गेलेले.
शीर निळसर दिसते, पुस्तकात आहे.
इथं सगळंच निळं होतं.

नाव काय, आजी?
तिनं मुलाकडं बघितलं. मुलानं चिठ्ठीकडं.
चिठ्ठीवर 'श्रीमती', आणि पुढं मेलेल्या नवऱ्याचं नाव.
'लिव ना बाप्पा तेच.'
मागं रांग खोकली.
मी तेच लिहिलं.

पट्टा बांधला. टोचलं. काही नाही.
'जमन का वो तुले?'
'जमन.'

मग मी हातावरचे डोळे काढून घेतले.
मामाच्या गावच्या बोडीत, पाणी आटल्यावर, मांडीभर गाळात
आम्ही ढिवरांच्या पोरी मासा बघत नाही.
बघायला काही नसतंच तिथं.
बोटं पसरून थांबायचं.
मरळ असते तिथला चिखल
दाबला की परत दाबतो.
अर्जावर 'पूर्वानुभव' या रकान्यात
मी निरंक लिहिलं होतं.

विंचवाच्या नांगीखाली, जरा आतल्या अंगाला,
काहीतरी परत दाबलं.

नळीत लाल चढलं.
तिरुपती खिडकीबाहेर बघत होता,
त्याला वाटलं कुणाला कळत नाही.

कापूस दाबून धरला तेव्हा म्हातारी
माझ्याकडं नाही, नळीकडं बघून बोलली,
'झिबला.'
मी म्हटलं, का?
'नाव वो. झिबला. मायनं ठेवलं होतं.
लिव आता, माह्या रगत व्हय ते.'

नाव सुईच्या नंतर आलं.
मॅडमनी माझा एक गुण कापला, आणि बरोबर कापला.
मी जुनी पट्टी सोलून नवी लावली,
झ नीट यावा म्हणून पेन दोनदा झटकलं.
मुलगा चिठ्ठी उलटून मागची बाजू बघत होता.
'झिबला?' तो म्हणाला,
आईला नाही, कुणालाच नाही.

मी नळी फिरवत होते.
चार. पाच.
मध्येच थांबता येत नाही.