खुडूक

सॉदर्तेल्येत डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडतो.
बारसौमोच्या टायरच्या दुकानामागे
मंगळवारी आम्ही पाच जण बसतो.
हीटर एक, पोथी एक,
समोरचा उलटी अक्षरं वाचतो.
शमुनी लहानपणी तशीच शिकली,
सुलट धरली की अडखळते.

आज एका क्रियापदावर गाडी अडली.
आरंभी, त्या पाण्यावर,
आत्मा नेमकं काय करत होता?
स्वीडिश भाषांतर म्हणतं, तरंगत होता.
गाब्रो म्हणाला, घिरट्या घालत होता.
चौथ्या शतकातल्या कुणा आचार्याचं भाष्य
त्याने फोनवर मोठं करून दाखवलं.
निम्मं त्यालाच लागलं नाही.

शमुनी सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं काढलेले हात.
"घिरट्या घार घालते," ती म्हणाली,
"आणि खाली कशाला येते, ठाऊक आहे ना?
मिद्यातकडे आमची कोंबडी खुडूक बसली की
आई हाच शब्द वापरायची.
दाणे टाका, हलायची नाही.
पोटाखालचं अंडं तेवढं जरा जरा फिरवायची."
मग, बी थुंकून:
"आणि जुन्या लोकांत आत्मा 'तो' नव्हता. ती होती."

बारसौमोने पेन उचललं, ठेवलं.
गाब्रोला पटलं नाही.
त्या शब्दापुढे आम्ही गेलोच नाही.

कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला होता.
बसथांब्यावर शमुनीने शालीचं टोक
न विचारता माझ्या खांद्यावर टाकलं,
दुसऱ्या टोकाखाली गाब्रोला ओढलं,
तो अजून व्याकरणच सांगत होता.