सहा लाख, गुडविलचे

बागुल सरांनी एका पानावर हिशेब मांडून दिला:
खुर्ची एक, उजवा हात तुटका. एक लाख दहा.
कॉम्प्रेसर. सुरू होताना ओरडतो, मग ऐकतो.
एक्स-रे, इन्व्हर्टर, दोन बाकं.
आणि सगळ्यात खाली, पेन मुद्दाम जरा हलकं धरून,
गुडविल: सहा लाख.

मी विचारलं, सर, हे कुठे ठेवलंय?
ते म्हणाले, महिनाभर बसून बघ.

बसले.
नंदुरबारच्या वेशीबाहेर पथारीवर मिरची वाळत होती.
वारा गावाकडे वळला की
बाकावरचे सगळे एकदम शिंकायचे,
खुर्चीतलाही,
आणि मी मशीन वर उचलून थांबायचे.
हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

तशा वाटा होत्या. नव्हत्या असं नाही.
सुरतेला साखळी दवाखान्यात टक्केवारीवर राहिले होते,
महिन्याला तीस रूट कॅनाल, नाहीतर मॅनेजरचा फोन,
मॅनेजर बीकॉम.
सिव्हिलला अकरा महिन्यांचं कंत्राट,
बाराव्या महिन्यात आपण कुणीच नसतो.
हॉस्टेलची माझी पार्टनर पूर्वा विमा कंपनीत बसते,
दुसऱ्यांनी काढलेल्या दाढा नामंजूर करते,
म्हणते, पाठ दुखत नाही गं आता. रविवार मिळतो.
खोटं नाही ते.
आणि रात्री आठ ते अकरा मी स्वतः एका ॲपवर,
तोंडामागे नव्वद रुपये.

तिथेच आली रुमली वसावे, आशाताई,
मोलगीच्याही वरच्या पाड्यावरून.
रेंजसाठी टेकडी चढलेली, सोबत एक म्हातारी.
मी म्हटलं, आ करायला सांगा. बॅटरी धरा.
मिश्री किती वर्षं?
रुमलीने विचारलं, म्हातारी हसली,
गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, रुपयाएवढा,
कडेला तांबूस.
तेवढ्यात चित्र थिजलं.
अकरा मिनिटं माझ्यासमोर एक उघडं तोंड.
कडक आहे की मऊ, एवढंच बघायचं होतं.
मी काचेला बोट लावलं.
काच कडकच लागते.

दुसऱ्या दिवशी सरांनी खालचा ड्रॉवर ओढून दाखवला.
कवळ्याच कवळ्या.
प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी:
निंबाबाई, तळोदा, अर्धे दिले.
हिरामण टेलर, दिवाळीनंतर.
एकीवर नुसतंच, लाल फेटा.
"पैसे झाले की येतील म्हणून टाकल्या नाहीत."
तीस वर्षांत हिरड्या झिजतात,
आलेच तरी बसणार नाहीत,
हे त्यांनीच मला शिकवलेलं.

हेच का ते सहा लाख?
"छे," ते म्हणाले, "याचे काही लावले नाहीत."

बँकेच्या साहेबांनी खुर्चीवर कर्ज दिलं,
तुटक्या हातासकट.
गुडविल त्यांना कुठल्या रकान्यात भरावं ते कळेना.
ते मी हप्त्याने फेडते.
सर पावती लिहितात, तिकीट लावतात,
सही करताना माझ्याकडे बघत नाहीत.

पाटी बदलली त्या दिवशी
एक जण गाल धरून दारात उभा राहिला.
"बागुल डाक्टर शेतस का?"
म्हटलं, आता मी आहे. डॉक्टर मोहिनी गिरासे.
त्याने मला पाहिलं, नीट,
मग माझ्यामागे पाहिलं.
"खुर्ची तं तीच शे ना?"
आणि बसला.

ॲप अजून आहे. फोनचा स्टँड
आता खुर्चीच्या दिव्यालाच बांधलाय.
रुमलीला सांगितलंय, म्हातारीला खाली आण,
भाड्याचं बघू.
मंगळवारी दुपारी मी कुणाला वेळ देत नाही.
मोलगीची जीप दोनला येते.
कधी कधी तीनला.