आखणी

नकाशावर ती पेन्सिलची रेघ होती,
कोपऱ्यात लिहिलेलं: रुंदी पंचेचाळीस मीटर.
पहिल्यांदा देवराईतून गेली.
गावानं कौल लावला, डावी पाकळी पडली,
साहेबांनी खोडरबर मागितलं.
दुसऱ्यांदा कुणाच्या तरी कलमांतून.
त्या कुणाचा तरी फोन आला.

तिसरी मी ओढली, सड्यावरून.
सातबाऱ्यावर तिथे नुसतं पोटखराब,
आणि पोटखराबाला फोन नसतो.

जांभ्यात काही शिरेना. पहारीनं भोकं पाडत
दहा-दहा पावलांवर चौदा बांबू रोवले,
शेंड्याला लाल फडकी.
रुकय्या सोलकर सोडे पलटत बसलेली.
"शहर वाढतंय," मी म्हणालो,
"वळसा वाचेल. अकरा मिनिटं."
"कोनाची?"
मी दुर्बिणीची काच पुसत राहिलो.

सकाळी परत आलो तर
नवव्यापासून बाराव्यापर्यंत
बांबूबांबूला ताणलेलं सुंभ,
सुंभावर बोंबील, जोडीजोडीनं,
जबड्यात जबडा अडकवलेले.
"बरे रोवलेस हो," ती म्हणाली,
"आमचे वाऱ्यान पडतत."

दुर्बिणीतून रेघ अगदी सरळ दिसत होती,
खारट, थोडी हलणारी.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
ऊन चांगलं आहे.
मोजणी परवा.