हरकत

उदगीरला, नगरपरिषदेच्या फाटकाबाहेर
माझं टेबल अकरा वर्षं एकाच जागी आहे.
एका पायाखाली जुन्या राजपत्राची घडी,
म्हणून डुगडुगत नाही.

विकास आराखड्याच्या साठ दिवसांत
दोनशे सात हरकती टाइप केल्या.
पानाला वीस रुपये. उधारी वहीत आहे.

लिंगप्पा हुडगे म्हणाले, लिहा,
अठरा मीटरचा रस्ता माझ्या घाण्यावरून जातो.
नकाशात घाणा नव्हता, पिवळा रंग होता.
खैरुन्निसाच्या नावावर तर काहीच नाही,
बिदर रोडला भाड्याची खोली,
आणि रोज पहाटे ज्या बारवेतून पाणी शेंदते
तिथं वाहनतळ येतोय.
"मेरा क्या लिखते?"
मी लिहिलं, अर्जदार तहानलेली आहे.
मग खोडलं.
लिहिलं, अर्जदार बाधित आहे.

काल दुपारी टपरीवर, साखरेच्या डब्याला
मोबाईल टेकवून आम्ही सभागृह बघितलं.
कलम सतरा, पोटकलम तीन:
ज्याच्या नावे जमीन त्याचीच हरकत.
बाकीच्यांनी सूचना कळवाव्यात,
पंधरा दिवसांत, ऑनलाइन.
दुरुस्ती मांडायला एक बाई उभी राहिली.
तिचा माइक बंद होता की आमचं नेट गेलं, कळलं नाही.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
होय.
(त्यातला एक आवाज ओळखीचा वाटला,
परवा हुडग्यांच्या पंगतीत 'वाढा, वाढा' म्हणणारा.)
प्रतिकूल असतील त्यांनी
इथं सिमेंटची जाहिरात आली.
संपली तेव्हा विधेयक संमत झालं होतं
आणि सदस्य एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून
बाहेर पडत होते.

बसवराज चहाचे पैसे घेताना म्हणाला,
दोन रुपये सुटे नाहीत, मालक.
हरकत नाही, मी म्हणालो.
टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

किती वेळा म्हणतो आपण हे.
लग्नाची तारीख पुढं गेली, हरकत नाही.
टँकर उद्या येईल, हरकत नाही.
पाय पडला चुकून, हरकत नाही, हरकत नाही.

खैरुन्निसा कोपऱ्यात बशीत फुंकर घालत होती.
म्हणाली, आमच्यात हरकत म्हणजे हालचाल.
अब्बाची नाडी धरून हकीम विचारायचा,
हरकत है क्या?

आज सकाळी ती पुन्हा आली.
कायद्याप्रमाणे आता ती अर्जदार नाही.
तरी मी कागद चढवला.
'ह' घासून पुसट झालाय,
बोटाला जागा पाठ आहे.
विषय लिहिलं. दोन टिंबं दिली. थांबलो.

तिनं बारवेचं पाणी भरलेली कळशी
धपकन टेबलावर ठेवली.
टेबल हललं.
घडी सरकली असणार पायाखालची.
मी वाकून बघितलं नाही.