डावं मागचं

रिवणच्या अलीकडं, काजूच्या वळणावर,
मीटरमध्ये पिवळा दिवा लागला:
घोड्याच्या नालाचा आकार, मध्ये उद्गारचिन्ह.
गाडी तशीच चालली होती, ना ओढ, ना खडखड.
मी उतरून चारही चाकांना
चपलेच्या टोकानं ढोसून पाहिलं.
मोबाईलच्या उजेडात सगळी सारखीच दिसली,
ऑडिटच्या दिवशी कारकून दिसतात तशी.

कायतानचं दुकान उघडं होतं,
म्हणजे फळी लावलेली, पण आत रेडिओ चालू.
दाताखाली काडी धरून तो आला,
दिव्याकडं बघून म्हणाला,
"डावं मागचं असणार. बघूया."

"चाकाच्या आत मशीन असतं ना?"
"महागाच्या गाडीत असतं, बाय.
वॉल्व्हच्या बुडाला, आगपेटीएवढं.
आतली हवा मोजतं आणि वर कळवत राहतं,
सेल संपेपर्यंत, सात-आठ वर्षं.
तुझ्या गाडीत तसलं काही नाही.
तुझी गाडी नुसते फेरे मोजते."

मग धुळीत बोटानं दोन वर्तुळं काढली,
एक नखभर लहान.
"हवा गेली की चाक बसतं. बसलं की लहान होतं.
लहान झालं की बाकीच्यांबरोबर राहायला
त्याला जास्त फिरावं लागतं.
गाडीला एवढंच कळतं,
हे एकटंच का इतकं धावतंय?"

मी काही बोलले नाही.
सकाळी ट्रेझरी, संध्याकाळी शिकवणी, रात्री शिवण,
मला वाटत होतं मी वेगात आहे.

साबणाचं पाणी टाकलं. एक बुडबुडा आला,
फुटला नाही, वाढतच गेला.
पकडीनं ओढून काढला तो पत्र्याचा स्क्रू,
कुणाच्या तरी नव्या छपराचा, झिजून चकचकीत.
"हाच भोक बुजवून होता, म्हणून हळूहळू गेली.
अठरा उरली होती."

"आणि चारही एकदम बसली तर?"

सुईत चिकट दोरी ओवता ओवता तो थांबला.
"तर दिवा लागत नाही.
कोणाशी ताडून बघणार?"

तेव्हा दोघांनाही तेच दिसलं असावं:
आमच्या अंगणातले दोन टिप्पर,
खाण बंद पडली त्या वर्षी उभे केलेले,
दहा दहा चाकं, रिमपर्यंत टेकलेली,
नंबरप्लेटवर अजून तांबडी धूळ.
कायतान तेव्हा लोखंडी कांब घेऊन
एकेक चाक वाजवत जायचा.
भरलेलं असेल तर टण्ण, गेलेलं असेल तर धप्प,
कानावर चालायचं दुकान.
मग सगळा गावच धप्प वाजायला लागला,
बँकेत, फेस्ताला, जत्रेच्या पेडीवर,
आणि कुणाच्याच मीटरवर काही पेटलं नाही.

बत्तीस भरली. मी घाईनं बटणाकडं बोट नेलं.
त्यानं जीभ टाळ्याला लावून चक् केलं.
"आधी चारही मोज.
बटण दाबलंस की गाडी शिकते, आहे हेच बरोबर.
मऊ असताना दाबलंस तर मऊच बरोबर.
मग ती तुला कधी सांगायची नाही."

गेज माझ्या हातात दिला.
पुढचं उजवं एकतीस. पुढचं डावं एकतीस.
मागचं उजवं,
ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती,
सव्वीस.
ते भरेपर्यंत कॉम्प्रेसर खोकत राहिला,
पलीकडच्या आवाठात कुत्रं भुंकत राहिलं.

मग तीन सेकंद. दिवा लुकलुकला, गेला.
साठ रुपये झाले. पन्नास दे म्हणाला.

घराकडं वळताना हेडलाइट
दोन्ही टिप्परांवरून फिरला, पायरीवर थांबला.
दत्तप्रसाद बसला होता, हात गुडघ्यांवर.
नेहमीसारखं "जेवलास?" विचारायला तोंड उघडलं
आणि लक्षात आलं,
कायतानचा गेज माझ्या मुठीतच राहिलाय.